दूध दर काही दिवसांनी खाली-वर, माज सापडत नाही, गाय उलटते: आधी गोठ्याचं टाईमटेबल तपासा

प्रॉब्लेम बऱ्याच गोठ्यांवर सारखाच असतो. खाद्य तेच, मुरघास तोच, सरकी पेंड त्याच दुकानातली, गाईला ताप नाही, कासदाह नाही, सीएमटी (दुधावरून लपलेला कासदाह ओळखायची चाचणी) केली तर ती पण साफ, तरी दूध तीन-चार दिवस बरं भरतं आणि पुढचे तीन-चार दिवस गाईमागं लिटरभर तरी गायब. त्यात एखादी गाय दोन-तीनदा उलटलेली (म्हणजे भरवूनही गाभण न राहिलेली) असते, एखादी माजावरच येत नाही म्हणून गोळ्या खात असते आणि सकाळच्या दुधाला फॅट लागत नाही म्हणून डेअरीवर रोजची कटकट. मग डॉक्टर बोलवायचा, कॅल्शियमची बाटली, मिनरल मिक्श्चरची कंपनी बदलायची, लिव्हर टॉनिक, जंताचा डोस. आठवडाभर बरं वाटतं, परत तेच.

हे सगळे वेगवेगळे आजार असू शकतात, नाही असं नाही. पण हे जर परत परत होत असेल, आणि खास करून ठरावीक दिवसांनी होत असेल, तर औषधाच्या कपाटाकडं जायच्या आधी एक वही घ्या आणि गोठ्यात कुठली गोष्ट किती वाजता होते ते लिहा. ट्यूब किती वाजता लागते, किती वाजता बंद होते, गव्हाणीत चारा कधी पडतो, पहिल्या गाईची धार किती वाजता, शेवटच्या गाईची किती वाजता, माज बघायला कोण आणि कधी फिरतं. आठवडाभर खरं खरं लिहा, अंदाजपंचे नको. बऱ्याच वेळा उत्तर त्या वहीतच असतं.

कारण गाईच्या अंगातले हार्मोन चोवीस तास एकसारखे नसतात. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे तिथं शरीराचं मुख्य घड्याळ बसलेलं असतं आणि ते डोळ्यातून येणाऱ्या उजेडावर रोज जुळवून घेतं. अंधार पडला की पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन सुटायला लागतं, रात्रभर वर राहतं, उजाडलं की खाली येतं. मेलॅटोनिन किती तास वर राहिलं यावरून गाईच्या शरीराला कळतं की रात्र मोठी आहे का छोटी, आणि त्यावर प्रोलॅक्टिन आणि आयजीएफ-१ ही दुधाशी संबंध असलेली हार्मोन्स कमी-जास्त होतात. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी थोडं वर असतं आणि संध्याकाळी खाली, अर्थात माणसात जेवढा मोठा चढउतार असतो तेवढा गाईत नसतो. शिवाय एक दुसरं घड्याळ आहे, ते खाण्यावर चालतं. लिव्हर आणि कास चाऱ्याच्या वेळेला पण जुळवून घेतात. अमेरिकेत पेन स्टेट युनिव्हर्सिटीत यावर बरंच काम झालंय, गाईंना चारा फक्त रात्री दिला तर दूध आणि फॅट दिवसात कधी जास्त तयार होते ती वेळच सरकते असं त्यांना दिसलं. म्हणजे उजेड एक वेळ सांगतोय, चारा दुसरी सांगतोय आणि धार तिसऱ्याच वेळेला निघतेय, अशी गत आपल्याकडं किती गोठ्यांवर असते ते तुम्हीच बघा.

रात्रीच्या लाईटचे दिवस

दर काही दिवसांनी दूध पडणे याचं आपल्याकडचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे शेतीची थ्री फेज लाईट. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या दिवसांत लाईट रात्री असते त्या दिवसांत घरातला माणूस रात्री उसाला नाहीतर मक्याला पाणी धरायला जातो, एक-दोन वाजता येता येता गोठ्यात जाऊन ट्यूब लावतो, आलोच आहे तर चारा टाकून जाऊ म्हणून गव्हाण भरतो, आणि मग सकाळी पाचची धार साडेसहा-सातला निघते कारण माणूस झोपलेला असतो (आणि त्याची काही चूक नाही). संध्याकाळची धार मात्र डेअरीची गाडी ठरलेल्या वेळेला येते म्हणून साडेपाचलाच. झालं, एका धारेचं अंतर तेरा तासांच्या वर, दुसरीचं अकराच्या खाली, चाऱ्याची वेळ उलटी आणि मध्यरात्री उजेड. चार दिवसांनी लाईट दिवसा आली की सगळं परत जागेवर, आणि गाय आता कुठं नव्या वेळेला लागत होती तर परत जुनी.

तुमच्या दुधाच्या नोंदी आणि लाईटचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा. कॅनमधला खड्डा त्याच दिवसांवर पडत असेल तर टॉनिकवर पैसे घालवू नका. ज्या भागात सौर फीडर सुरू होऊन शेतीला दिवसा लाईट आलीय तिथं हा प्रश्न आपोआप कमी होतो, पण सगळीकडं अजून पोचलेलं नाही.

उपाय काय? रात्री पाणी धरणं तर टळत नाही. पण पाणी धरणारा आणि धार काढणारा माणूस त्या दिवसांत वेगळा ठेवता येतो, घरात दोन माणसं असतील तर. नसेल जमत तर निदान एवढं करा: रात्री गोठ्यात ट्यूब लावायची नाही, बॅटरी घेऊन जायचं, गव्हाण भरायची नाही, आणि धारेची वेळ कायमचीच थोडी उशिरा करून टाकायची, म्हणजे पाच ऐवजी रोजच सहा. गाईला पाच चांगले का सहा चांगले याच्याशी देणंघेणं नाही, रोज तेच पाहिजे एवढंच. डेअरीची वेळ आड येते हे मला माहितीये, त्यासाठी सेंटरवाल्याशी बोला, गावात पाच-सात जणांचा हाच प्रॉब्लेम असेल तर गाडी अर्धा तास मागं सरकू शकते.

धारेला एखाद-दुसरा तास उशीर झाला म्हणून आभाळ कोसळत नाही. जास्त दुधाच्या गाईत मात्र कास जेवढा जास्त वेळ भरलेली राहते तेवढा दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, आणि अंतर सोळा-अठरा तासांपर्यंत गेलं तर कासेच्या आतल्या पेशींमधले जोडच सैल पडायला लागतात, दुधातल्या पेशी वाढतात. लग्नकार्यात एक धार बुडते तेव्हा पुढचे दोन-तीन दिवस दूध का भरत नाही त्याचं कारण हे.

पान्हा सोडत नाही

हे सकाळच्या धारेला जास्त होतं, आणि माणूस बदलला की होतं. कासेत जे दूध असतं त्यातलं गाईत साधारण वीसच टक्के खाली टाकीत उतरलेलं असतं, बाकीचं वर बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं. ते खाली यायला ऑक्सिटोसिन लागतं. सडाला हात लागला, कास धुतली की मिनिटभरात ऑक्सिटोसिन रक्तात येतं, दीड-दोन मिनिटांत पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. तेवढ्यातच काय ते काम उरकायचं असतं.

गाईला रोजची वेळ, रोजचा माणूस, मशीनचा आवाज, पेंडीची पाटी या सगळ्याची सवय लागलेली असते आणि नुसत्या त्या आवाजावर काही गाई सडातून थेंब गाळायला लागतात. वेळ बदलली की ही तयारी नसते. मग काय होतं बघा. घाई असते म्हणून कास एक पाण्याचा हात मारून पुसली, लगेच मशीन लावलं. पहिली दहा-पंधरा सेकंद नळीत दूध दिसतं, ते टाकीतलं. मग नळी रिकामी, नुसती हवा ओढतेय, सडाचं टोक आत खेचलं जातंय, गाय एक पाय उचलते, शेपटी मारते, माणूस ओरडतो. ओरडला की अॅड्रेनॅलिन सुटतं आणि ते ऑक्सिटोसिनचं काम तिथंच अडवतं. मिनिटभरानं दूध येतंही, पण तोवर सडाला त्रास झालेला असतो, आणि मशीन काढल्यावर कास हाताला कडक लागते. हे रोज झालं तर पुढं कासदाह ठरलेला.

तर कास धुणे, कोरडी करणे, प्रत्येक सडातून दोन-तीन धारा कपात काढून बघणे आणि मग साधारण मिनिट-दीड मिनिटानं मशीन. दोन-दोन, तीन-तीन गाईंची अशी तयारी ओळीनं करत गेलं की वेळ पण वाया जात नाही. पेंड धारेच्या वेळीच द्यायची असेल तर रोज द्या, एक दिवस आधी एक दिवस नंतर असं नको.

आणि ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून पान्हा सोडवणे हा उपाय नाही, सरळ सांगतो. सवय लागली की जनावर इंजेक्शनशिवाय पान्हा सोडेनासं होतं, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय होईल असं काहीही टोचणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. व्यायल्यावर वार पडत नाही वगैरे वेळी डॉक्टर काय वापरतात तो विषय वेगळा.

रात्रभर ट्यूब चालू ठेवली तरी दूध वाढेना

वाढणारच नाही. हा गैरसमज व्हिडिओंमुळं फार पसरलाय. "सोळा तास उजेड द्या, दूध वाढवा" हे अर्धं ऐकून लोक चोवीस तास ट्यूब चालू ठेवतात.

मूळ गोष्ट खरी आहे. १९७८ साली अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दाखवलं की हिवाळ्याच्या छोट्या दिवसांत गाईंना जादा उजेड देऊन दिवस सोळा तासांचा केला तर दूध वाढतं. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी तेच करून बघितलं आणि दुधातल्या गाईला १६ ते १८ तास उजेड दिला तर सरासरी रोजचं दोन-अडीच किलो दूध वाढतं असं निघालं. पण त्यात तीन गोष्टी असतात ज्या व्हिडिओत सांगत नाहीत. एक म्हणजे उरलेले सहा ते आठ तास अंधार पाहिजेच. मेलॅटोनिन वर जायलाच मिळालं नाही तर शरीराला दिवस मोठा का छोटा काही कळत नाही, आणि चोवीस तास उजेडाचा फायदा मिळत नाही. दुसरं, उजेड गाईच्या डोळ्यांच्या उंचीला १५० ते २०० लक्स तरी लागतो, म्हणजे गव्हाणीपाशी उभं राहून पेपर आरामात वाचता आला पाहिजे. पत्र्याच्या मधोमध एक पिवळा बल्ब टांगून काही होत नाही. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अगदी अचूक नसतं पण अंदाजाला पुरतं. तिसरं, फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आणि दूध वाढलं की गाय चारा पण जास्त मागते, तो दिला नाही तर ती अंगावरची चरबी झिजवून दूध देते.

आता माझं मत. हे प्रयोग जिथं झाले तिथं हिवाळ्यातला दिवस आठ-नऊ तासांचा असतो. आपल्याकडं पुण्याच्या आसपास सगळ्यात छोटा दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या जवळपास. फरकच मुळात दोन-सव्वादोन तासांचा. त्यामुळं तिकडं जेवढं वाढतं तेवढं इकडं वाढेलच असं धरून कोणी कर्ज काढून लायटिंग करू नका. आपल्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचं दूध उजेडापेक्षा उन्हाळ्यातल्या उष्म्यानं जास्त मरतं, पैसे असतील तर आधी सावली, पंखे, फॉगर आणि चोवीस तास पाणी. ते सगळं झालेलं असेल, गोठा बंदिस्त आणि अंधारा असेल, तर हिवाळ्यात पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते नऊ ट्यूब लावा, सोळा तास होतात. वीस वॉटच्या सहा एलईडी ट्यूब पाच तास लावल्या तर अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्तच वीज जाते, खर्च फार नाही. टायमर बसवा, माणसाच्या भरवशावर ठेवू नका. आणि नऊला बंद म्हणजे बंद. रात्री बिबट्याच्या नाहीतर चोराच्या भीतीनं लाईट ठेवायची असेल, आणि आपल्या भागात बिबट्याची भीती खरीच आहे, तर फोकस गोठ्याच्या बाहेर, बाहेरच्या दिशेनं लावा, गाईच्या डोळ्यावर नको. आत फिरायला लागलंच तर मंद लाल बल्ब.

आटवलेल्या गाईंचं उलटं आहे, हे फार कमी लोकांना माहितीये. भाकड काळातल्या दोन महिन्यांत गाईला छोटा दिवस आणि मोठी रात्र मिळाली तर व्यायल्यावर ती जास्त दूध देते, कारण त्या काळात प्रोलॅक्टिन कमी राहतं आणि कास त्याच्याबद्दल जास्त संवेदनशील होते, मग व्यायच्या वेळी प्रोलॅक्टिन वाढलं की कासेचा प्रतिसाद पण जोरात. परदेशात त्यासाठी आठ तासच उजेड देतात, आपल्याला सूर्य झाकता येत नाही, पण निदान आटवलेल्या गाई ट्यूबखाली बांधू नका. त्यांना वेगळ्या बाजूला ठेवा.

माज सापडत नाही, गाय उलटते

सगळ्यात जास्त पैसे इथं जातात. गाय चाळीस-पन्नास दिवस उशिरा गाभण राहिली की तेवढ्या दिवसांचं खाद्य अंगावर पडतं.

गाईचा माज दर २१ दिवसांनी, १८ ते २४ मध्ये कधीही. पूर्ण भरातला माज, म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी गाय शांत उभी राहते तो काळ, बारा ते अठरा तास असं पुस्तकात असतं, पण जास्त दुधाच्या एचएफमध्ये तो बराच छोटा असू शकतो, सात-आठ तासांत पण संपतो. कारण जास्त दूध म्हणजे जास्त खाणं, जास्त खाणं म्हणजे लिव्हरमधून जास्त रक्त फिरणं, आणि लिव्हर माजाचं एस्ट्रोजेन रक्तातून लवकर काढून टाकतं. त्यात हा माज संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत जास्त दिसतो, उन्हाळ्यात तर बहुतेक रात्री आणि पहाटेच. आता काहीजण म्हणतात की सेन्सर लावून मोजलं तर माज चोवीस तासांत बऱ्यापैकी सारखा वाटला जातो. ते पण खरं आहे, काही अभ्यासात तसं निघालंय. पण दिवसा माणसांची ये-जा, धार, चारा, ऊन यामुळं गाय तो दाखवत नाही, आपल्या गोठ्यात तरी रात्र आणि पहाटच महत्त्वाची.

आणि आपण माज कधी बघतो? सकाळी धार झाल्यावर आठला आणि संध्याकाळी चारा टाकताना. म्हणजे नेमकं तेव्हा सगळ्या गाईंचं तोंड गव्हाणीत असतं. मग "माजावरच येत नाही".

रात्री नऊ-दहाला आणि पहाटे चार-पाचला, धारेच्या आणि चाऱ्याच्या आधी, वीस-तीस मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहा. मोबाईल खिशात. बॅटरीचा झोत डोळ्यावर मारू नका. पहाटे बाकीच्या गाई बसून रवंथ करत असतात, त्यात एखादी उभी असते, कान हलवतेय, दुसरीच्या मागं जाऊन हुंगतेय, हनुवटी तिच्या पाठीवर टेकवतेय. तिचं शेपटीचं मूळ बघा, केस उलटे झालेले, घासलेले असतात. दोन्ही कुशींवर शेणाच्या ओल्या फराट्या दिसतील, दुसरी गाय चढून घसरली त्याच्या. शेपटी उचलली की काचेसारखा साफ सोट (माजाचा चिकट स्राव), कधी लोंबता, कधी मांडीला चिकटून वाळलेला. मुक्त गोठ्यात हे सोपं जातं. दावणीला बांधलेल्या गाईला चढायला आणि चढू द्यायला जागाच नसते, तिथं सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळं सोडल्याशिवाय निम्मे माज मुके (बाहेर न दिसणारे) वाटणारच. तिथं एक खूण लक्षात ठेवा, एकाच गाईचं दूध एका धारेला अचानक कमी आलं, पेंड पण नीट खाल्ली नाही, तर औषध शोधायच्या आधी शेपटीखाली बघा.

आता उलटण्याचं. बीजांड माज सुरू झाल्यापासून साधारण २८ तासांनी सुटतं, कारण माजाच्या सुरुवातीलाच एलएच हार्मोनची लाट येते आणि तिथून ते घड्याळ चालू होतं. सुटल्यावर बीजांड थोडेच तास जगतं. सिमेन सोडल्यावर शुक्राणूंना वर पोचून तयार व्हायला पण काही तास लागतात. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम १९४० च्या दशकापासून चालत आलाय आणि चांगला आहे, पण तो "दिसला" वर नाही, "सुरू झाला" वर आहे. समजा माज काल संध्याकाळी पाचला सुरू झाला. रात्री कोणी बघितलं नाही. आज सकाळी साडेसातला सोट दिसला, फोन केला, नियमाप्रमाणे संध्याकाळी सहाला भरवली. पंचवीस तास होऊन गेले. बीजांड सुटायला तीनच तास राहिले, शुक्राणू तयार व्हायच्या आत ते म्हातारं होणार. सिमेन चांगलं, डॉक्टर चांगला, गाय चांगली, तरी उलटली. पुढच्या वेळी हीच वेळ, परत उलटली. मग गर्भाशय धुवायला काढायचं.

हेच दुसऱ्या एखाद्या गाईत रात्री दहाच्या फेरीला काही दिसलं नाही, पण पहाटे दिसलं, तर सुरुवात त्या मधल्या तासांत झाली हे पक्कं कळतं आणि दुपारनंतर-संध्याकाळी भरवणं बरोबर बसतं. सकाळी सापडलेली गाय चढू देत नाहीये, नुसतं सोट आहे आणि शेपटीचे केस आधीच उलटे, तर माज संपत आलाय, डॉक्टरांना तसं सांगा आणि संध्याकाळची वाट बघू नका.

अजून एक. शेपटीला किंवा मागच्या बाजूला थोडं रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, माज होऊन दोन-तीन दिवसांनी असं बऱ्याच गाईंत, कालवडींत तर जास्तच दिसतं. तेव्हा भरवून उपयोग नाही. तारीख लिहा आणि तिथून १८-१९ दिवसांनी रात्रीच्या फेऱ्या सुरू करा, मुका माज पकडायचा याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

एवढं करून तीन वेळा योग्य वेळेला भरवून गाय उलटली, किंवा सोट पांढरा-पिवळसर, वास मारणारा आहे, किंवा व्यायल्यानंतर दोन महिने होऊन एकही खूण नाही, तर मग तपासणी करून घ्याच. वेळ जुळवून आजार बरा होत नाही.

सकाळची फॅट

सकाळी ३.३ आणि संध्याकाळी ४.० लागते म्हणून डेअरीत फॅट मोजणाऱ्या मशीनवाल्यावर संशय घेणारे भरपूर. फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ च्या खाली गेलं की दर कापतात त्यामुळं राग येणं साहजिक आहे. पण संध्याकाळी साडेचार आणि सकाळी सहा अशा धारा असतील तर रात्रीचं अंतर साडेतेरा तास, त्या धारेला दूध जास्त आणि फॅट पातळ. अंतर सारखं केलं तरी संध्याकाळची फॅट थोडी वर राहतेच, कारण कासेतली फॅट तयार होण्याची पण चोवीस तासांची लय आहे. दोन्ही वेळची फॅट वेगवेगळी लढवण्यापेक्षा अंतर बारा-बाराच्या जवळ आणा, आणि एकदम एकाच वेळी चारा ओतण्यापेक्षा दिवसात तीन-चार वेळा विभागून टाका, संध्याकाळच्या धारेनंतर गव्हाण रिकामी ठेवू नका. तरी दोन्ही वेळची कमीच लागत असेल तर मग कडबा-वैरण कमी आणि पेंड जास्त झालीय का ते बघा, तो प्रश्न घड्याळाचा नाही.

संध्याकाळी "ताप", आणि रक्त तपासणी

गाईचं अंग पहाटे सगळ्यात थंड आणि दुपार उलटून संध्याकाळी सगळ्यात गरम असतं, फरक एखाद डिग्री फॅरनहाइट सहज. उन्हाळ्यात संध्याकाळी १०३ लागला आणि गाय खातेपिते, धापा टाकतेय, तर आधी पाणी मारा, पंखा लावा, तासाभरानं परत मोजा. पहाटे १०३ लागला तर मात्र डॉक्टरला फोन, तेव्हा तो असायलाच नको. रक्तातलं कॉर्टिसॉल बघून गाईला स्ट्रेस आहे असं कोणी एका नमुन्यावर सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, ते तासा-दोन तासांनी वर-खाली होतं आणि दोरी लावून मान ओढली तरी वाढतं. प्रोजेस्टेरॉनचं तसं नाही, ते दिवसांच्या हिशोबात बदलतं, गाय माजाच्या चक्रात आहे का हे बघायला ती टेस्ट उपयोगाची.

म्हशी

वर लिहिलेलं सगळं गाईंसाठी. म्हशीला जसंच्या तसं लावू नका. म्हैस दिवस छोटे व्हायला लागले की माजावर येते, म्हणून तर दिवाळीच्या आसपासपासून थंडीभर म्हशी जास्त भरतात आणि उन्हाळ्यात माज मुका होतो. तिचा माज रात्री-पहाटेच जास्त, चढणं फार कमी, सोट पण बेताचा, त्यामुळं रेडा फिरवून बघणं अजूनही सगळ्यात भरवशाचं. खाली टाकीत उतरलेलं दूध म्हशीत पाच टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे पान्ह्याशिवाय तिच्याकडून काहीच निघत नाही आणि माणूस बदललेला तर तिला अजिबात खपत नाही. आणि गाभण राहायच्या बाकी असलेल्या म्हशी गाईंच्याच गोठ्यात असतील तर थंडीत सोळा तासांची लायटिंग त्यांच्यावर पडणार नाही अशी सोय करा, किंवा त्या गाभण ठरेपर्यंत टायमर लावूच नका.